‘माहुलीची सातवी’ कोणी लिहिली

आमच्या घरात दुपारची जेवणं आटोपली की आधी बाबा घोरायला लागत, मग आई, आणि मग मागच्या पडवीत मुसळ पडायला लागे. टोकावड्याच्या अलीकडे, रस्ता सोडून दोन शेतं ओलांडली की आमचं घर. भात भरडायला गिरणी जवळ होती, पण गिरणीचा तांदूळ पोटाला लागत नाही असं आईचं ठाम मत होतं, त्यामुळे घरापुरतं कांडण घरीच व्हायचं आणि ते वहिनीकडे असायचं. मुसळाचा आवाज एका लयीत येत राहिला तर आई निर्धास्त झोपे. तो मध्येच थांबला तर डोळे न उघडता विचारी, "काय गो, पडलीस का उखळात?" पडवीतून उत्तर येई, "नाय, पाखडते." तांदूळ पाखडायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ वहिनी पाखडत असे, आणि हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. सूप बाजूला ठेवून, उखळाच्या काठाला टेकून, ती तेवढ्या वेळात लिहीत असे.

वहिनी किन्हवलीची. तिथल्या शाळेत सातवी पास झालेली, आणि आमच्या भावकीत तेव्हा सातवी पास झालेली एकही सून नव्हती. तिचं माहेरचं नाव द्वारका. लग्नात आमच्याकडच्या रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले, दादाने अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहिलं, सुनंदा. मी शेजारीच बसलो होतो. दादा अनुस्वार द्यायला विसरला, तो मी बोटाने दिला आणि सगळे हसले. त्या दिवसापासून द्वारका हे नाव किन्हवलीला राहिलं. सासरी कुणी ते उच्चारत नसे, आणि माहेरून पत्र आलं तरी ‘सौ. सुनंदा हिस’ असंच यायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

दादा कल्याणला कंपनीत होता, शनिवारी यायचा आणि रविवारी संध्याकाळी जायचा. बाकीचे सहा दिवस वहिनी आईच्या हाताखाली. तिच्या हातची तांदळाची भाकरी अशी पातळ असे की पलीकडचा चुलीतला जाळ दिसावा. पावसाच्या आधी रानात शेवळं उगवली की ती भाजी करण्याचं धाडस आई स्वतः न करता तिच्यावर सोपवी, कारण शेवळात काकडाची फळं कमी पडली की घसा खाजून माणूस हैराण होतो आणि वहिनीचा अंदाज कधी चुकत नसे. हे मी मुद्दाम लिहितो आहे. पुढे जे सांगायचं आहे ते वाचून कुणाला वाटायला नको की ही कुणी घरकामात लक्ष नसलेली, हवेत वावरणारी बाई होती. ती सगळं करायची आणि नीट करायची. त्यातूनच ते पाखडण्याचे उरलेले क्षण तिने वेचले होते.

मॅट्रिक होऊन मी घरी बसलो होतो तेव्हाची गोष्ट. माझी जुनी भूगोलाची वही शोधत होतो, ती पडवीतल्या फळीवर, सुपाखाली सापडली. मागून उघडली तर कोरी पानं पेन्सिलीने भरलेली. काना-मात्रा बऱ्याच ठिकाणी चुकलेले, पूर्णविराम जवळजवळ नाहीतच. पहिलंच वाक्य होतं : ‘गडावरलं पाणी संपलं हे सगळ्यात आधी कुशीला कळलं, कारण चिमण्या खाली उतरल्या.’ मी उभ्यानेच वाचत राहिलो. वही संपली तेव्हा पाय भरून आले होते, आणि वहिनी दारात उभी होती. तिने वही मागितली नाही. फक्त विचारलं, "कळतं का वाचून?" मी म्हटलं, पुढचं कुठे आहे. तर ती म्हणाली की पुढचं तुमच्या इतिहासाच्या वहीत आहे.

ती गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे, तरी ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. माहुली गडाला वेढा पडला आहे. पायथ्याच्या ठाकरवाडीतली कुशी नावाची तेरा-चौदा वर्षांची मुलगी. गडावरची टाकी आटत चालली आहेत आणि वर तिचा भाऊ अडकलेला आहे. वर जाणारी पाण्याची एक चोरवाट फक्त साती आसरांना ठाऊक आहे. आसरा म्हणजे आमच्याकडे डोहात राहणाऱ्या सात जणी. प्रत्येक डोहाकाठी शेंदूर लावलेले सात दगड असतात, आणि तिथे कुणाला नावाने हाक मारायची नाही हे आम्ही चालायला शिकलो तेव्हापासून शिकलो, कारण ऐकू आलेलं नाव त्या ठेवून घेतात. कुशी त्यांच्याकडे जाते. एकेक आसरा वाटेचं एकेक वळण सांगते आणि बदल्यात काहीतरी मागून घेते. पहिली तिचं हसू घेते, दुसरी तिची सावली, तिसरी जिभेवरची मिठाची चव. सातवी मात्र काहीच मागत नाही. ती म्हणते, आम्हा सातजणींना मिळून एकच नाव आहे, मला माझं एक दे.

हे सगळं एका बाईने मुसळ टेकवून लिहिलेलं. शाळेतल्या धड्यांपलीकडे तिने इतिहासाचं पुस्तक वाचलेलं नव्हतं. लहानपणी बापाबरोबर कारवी तोडायला ती माहुलीवर जायची, तेव्हा पाहिलेली टाकी, पडलेला तट, पावसात निसरडी होणारी धार, एवढंच तिचं भांडवल. पण तिच्या गोष्टीतले शिपाई कारवीच्या काठीवर खाचा पाडून दिवस मोजतात, भिजवलेले तांदूळ कच्चेच चावतात. वेढा घालणाऱ्यांचे उंट वाडीतली पोरं पहिल्यांदाच बघतात आणि त्यांना ‘मानेचा बैल’ म्हणतात. आज माझी नात मुक्ता विटेएवढी जाड इंग्रजी पुस्तकं वाचते. पऱ्या, राजे, जुन्या काळच्या लढाया, आणि मध्ये एक तिच्या वयाची मुलगी. एक भाग संपला की पुढचा यायची या मुली वाट बघत बसतात. तिने मला एकदा समजावून सांगितलं की त्यातल्या पऱ्या चांगल्या नसतात आजोबा, त्या सौदा करतात आणि त्यांचे नियम असतात. मी ऐकत होतो आणि मला आमची पडवी दिसत होती.

वहिनीच्या पाच वह्या भरल्यावर ते सगळं स्वच्छ लिहून काढायचं काम मी घेतलं. माझं अक्षर चांगलं होतं, तेवढी एक गोष्ट माझ्यापाशी होती. फुलस्केप कागद आणले आणि ओटीवर बसून लिहीत राहिलो. आईबाबांना वाटे मी नोकरीचे अर्ज करतो आहे. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, पूर्णविराम दिले. तीन ठिकाणी वाक्यं माझ्या मते सुधारली, त्यांतली दोन बिघडली हे आज कळतं. शेवटच्या पानावर नाव काय घालू असं विचारलं तेव्हा वहिनीने जराही विचार न करता सांगितलं, द्वारका. मी म्हटलं सुनंदा का नको. ती म्हणाली, लिहायला शिकले तेव्हा मी द्वारका होते. माहेरचं पूर्ण नाव आणि आमच्या घरचा पत्ता असं लिहून मी ते बाड मुंबईच्या एका प्रकाशकाला पोस्टाने पाठवलं. त्या नाव-पत्त्यात काय घोटाळा आहे हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

तो लक्षात आला एका सकाळी. अंगणात आंबोशी वाळत घातली होती, आई कावळे हाकत बसली होती, बाबा ओटीवर सुपारी कातरत होते. पोस्टमन आला, सायकल टेकवली, ताक प्यायला आणि पिशवीतून एक लांबट पाकीट काढून म्हणाला की पत्ता तुमचा आहे पण हे नाव काही ओळखीचं वाटत नाही. आणि त्याने ते मोठ्याने वाचलं. द्वारका. बाबा म्हणाले, "आमच्याकडं नाय कोन द्वारका." पण आईचा हात थांबला. मुलगी बघायला किन्हवलीला गेली होती तेव्हा नाव तिनेच विचारलं होतं. तिने पोस्टमनकडे पाहिलं नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. नवरा सहा दिवस कल्याणला, आणि सुनेला मुंबईहून टाइप केलेलं पत्र येतं, तेही माहेरच्या नावाने. आईच्या मनात काय उभं राहिलं ते मला स्पष्ट दिसलं. तो एक शब्द तिच्या तोंडून पोस्टमनसमोर निघाला असता, तर संध्याकाळपर्यंत किन्हवलीला पोचला असता आणि वहिनीही पाठोपाठ पोचवली गेली असती. आत भाकरी थापण्याचा आवाज बंद झाला होता.

मी उठलो आणि म्हणालो, "माझं हाय ते. मी गोष्ट लिवली, तिला टोपननाव दिलं."

बाबांनी विचारलं, बाईचं? आणि आईने त्याहून नेमकं विचारलं, की बाईचं तर बाईचं, पण हेच कसं सुचलं.

मी म्हणालो, "वहिनीचं जुनं नाव नुसतं पडून होतं. म्हनून घेतलं."

आई माझ्याकडे बघून हसली. "नाव काय परातीतलं उरलेलं पीठ हाय का रं, पडून होतं म्हनून घ्याया?" पोस्टमनही हसला. बाबांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि आमच्या पोराला मुंबईहून पत्र आलं हे त्याच दिवशी अर्ध्या गावाला सांगून आले. आत भाकरी थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी स्वतःवर फार खूश होतो. आजही मला वाटतं की त्या सकाळी मी जे केलं ते चांगलंच केलं. माझा गुन्हा त्या सकाळचा नाही. त्या सकाळनंतरच्या प्रत्येक सकाळचा आहे.

पत्रात लिहिलं होतं की कादंबरी अतिशय आवडली, समक्ष भेटावं. मी निघालो तेव्हा वहिनीने डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी दिली आणि हळूच म्हणाली की तिथे तरी खरं सांगा. मुरबाडहून कल्याणला जाणाऱ्या एसटीत मी ते वाक्य पाठ करत होतो : हे माझ्या वहिनीने लिहिलं आहे. इतकं सोपं वाक्य. प्रकाशकाच्या खोलीत शिरलो, तर टेबलामागचे वयस्कर संपादक चष्मा काढून उभे राहिले. माझ्यासारख्या पोरासाठी तोवर कुणी उभं राहिलेलं नव्हतं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि चिमण्यांचं ते पहिलं वाक्य मला तोंडपाठ म्हणून दाखवलं. असं अक्षर आणि असं डोकं एकाच माणसाला क्वचित मिळतं, असं म्हणाले. मग विचारलं की बाईचं नाव कशाला घेतलंत. मी म्हणालो, घरी संकोच वाटत होता. ते म्हणाले, संकोच सोडा, स्वतःचं नाव घाला. मी मान डोलावली. ते पाठ केलेलं वाक्य तोंडातच राहिलं.

परत येऊन वहिनीला सांगितलं तेव्हा ती वालाला मोड आले का ते बघत होती. मी फार लांबण लावली. सध्या हे असंच असू दे, आईच्या मनात पुन्हा काही यायला नको, एकदा पुस्तक निघालं की दुसऱ्या आवृत्तीला सगळं खरं सांगून टाकू. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "छापनार ना पन?" मी हो म्हटलं. "मंग छापू द्या." या तीन शब्दांमागे मी जवळजवळ साठ वर्षं लपलो. मनात कधी टोचणी लागली की म्हणायचो, तिनेच तर सांगितलं होतं. सांगितलं होतं खरं. पण ज्याच्यापाशी दोन वाटा असतात तो निवडतो. तिच्यापाशी एकच होती आणि त्या वाटेच्या तोंडावर मी उभा होतो.

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर सात पऱ्या होत्या, गोऱ्यापान, पाठीला फुलपाखरासारखे पंख, आणि खाली माझं नाव. वहिनीने हात धुतले, पदराला कोरडे केले आणि पुस्तक उघडून आधी पहिलं वाक्य जागेवर आहे का ते पाहिलं. मग चित्राकडे बघून म्हणाली, "ह्यांना पंख कशाला? पाखरं हाईत का?" माझ्या नावाबद्दल काही बोलली नाही. त्यानंतरच्या दुपारी मुसळ अधिकच वेळा थांबायला लागलं. तिने दुसरी गोष्ट लिहायला घेतली होती. नाणेघाटातून मिठाचे बैल नेणाऱ्या तांड्याची, आणि त्यातल्या एका बैलावर बसून समुद्राकडून वर आलेल्या आसरेची. तिची चाळीस पानं मी वाचली आहेत. पहिलीपेक्षा ती चांगली होती. एखाद्या माणसाचा हात बसलेला असतो ना, तसा तिचा बसला होता.

आणि मग शहापूरचा तो सत्कार. तिथल्या एका वाचनालयाने माझं भाषण ठेवलं. तालुक्यातल्या शाळांतली मुलं-मुली आणली होती. आमच्या घरचे सगळे आले. किन्हवली जवळ म्हणून वहिनीच्या माहेरचेही आले, आणि ती बायकांत, आईशेजारी बसली होती. मुलींना उभं राहून विचारायला लाज वाटेल म्हणून चिठ्ठ्या मागवल्या होत्या. गडाबद्दल, उंटांबद्दल बऱ्याच आल्या. शेवटी एक घडी घातलेली चिठ्ठी आली, निळ्या शाईत, अगदी बारीक अक्षरात.

ती समजायला पुस्तकातलं एक प्रकरण सांगायला हवं. वाट सापडत आलेली असताना कुशी बाहेरची होते. रीतीप्रमाणे तिला चार दिवस वाडीबाहेरच्या खोपीत वेगळं बसावं लागतं. पाण्याला शिवायचं नाही, देवाच्या दगडांकडे जायचं नाही, आणि तिकडे गडावर भाऊ तहानलेला. आई लांबून पेजेची वाटी सरकवते आणि मागे होते. तिसऱ्या दिवशी पाण्यातून उठून सातवी आसरा स्वतः त्या खोपीत येते, ओल्या पायांनी तिच्या शेजारी बसते आणि तिचा हात धरते. कुशी म्हणते, अगो, मला शिवू नकोस. ती म्हणते, मी पाणी आहे, मी कुणाला शिवत नाही? संपादकांनी हे प्रकरण ठेवलं हा त्यांचा मोठेपणा. चिठ्ठीत लिहिलं होतं : ‘खोपीत सातवी येऊन बसते ते मी खूप वेळा वाचलं. तेव्हा आम्हाला कोणीच शिवत नाही. हे तुम्हाला कोणी सांगितलं?’

मी चिठ्ठी मोठ्याने वाचली नाही. एवढंच म्हणालो की एका मुलीने विचारलं आहे, खोपीचं प्रकरण कसं सुचलं. मी वर पाहिलं. वहिनी माझ्याकडे बघत होती. त्या घरात ते चार दिवस ती मागच्या दारी गोठ्याशेजारच्या कोपऱ्यात काढत असे, आणि तिचं ताट मीच कैकदा लांबून सरकवलेलं होतं. त्या मुलीने माझ्यापाशी दुसरं काही मागितलं नव्हतं, फक्त ते सांगणाऱ्या माणसाचं नाव. ते नाव समोर, आठ-दहा हातांवर बसलेलं होतं. सांगितलं असतं तर त्या मुलीला कळलं असतं की तिच्यासारखीच एक जण हे लिहून गेली आहे, आणि ती इथेच आहे. मी म्हणालो, लेखकाला कल्पनाशक्ती असली की तो कुणाच्याही मनात शिरू शकतो. टाळ्या पडल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुसळ एकदाही थांबलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर मी वाट बघितली आणि मग पडवीत जाऊन विचारलं की मिठाच्या तांड्याचं पुढे काय झालं. वहिनीने मुसळ खाली न ठेवता उत्तर दिलं, "तुमच्याजवळ हाय ना कल्पनाशक्ती. लिवा तुमी." ती चाळीस पानं तिने पाणी तापवायच्या चुलवणात घातली होती. रागाने असंही नाही. घरात रद्दी जळते तशी.

मी लिहून पाहिलं नाही असं समजू नका. दोन वर्षं पाहिलं. माझ्या बैलांना वास येत नव्हता आणि माझी आसरा जे बोलायची ते भाषणासारखं व्हायचं. प्रकाशकाची पत्रं येत राहिली आणि मग थांबली. पुढे लोकच माझ्याविषयी आदराने सांगायला लागले की एकच पुस्तक लिहिलं आणि थांबले, केवढा संयम. या संयमाबद्दल माझा मुरबाडला आणखी एकदा सत्कार झाला. खरं न सांगायला मी रोज एक कारण काढत गेलो. आई आहे तोवर नको, मग दादा आहे तोवर नको, त्याला वाटेल बायकोने लपवलं. आई गेली, बाबा गेले, दादाही गेला, आणि कारणं संपल्यावरही मी गप्पच राहिलो. गप्प राहण्याची सवय झाली की कारण लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात, आता मी राहतो त्या मुरबाडच्या घरी, मुक्ताने कपाटातून ते पुस्तक काढलं. अंगणातल्या खाटेवर पडून एका दमात वाचलं आणि माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, मी वाचते त्या सगळ्या पुस्तकांपेक्षा हे भारी आहे. मग जरा वेळाने, अगदी सहज, "आजोबा, हे तुम्ही नाही ना लिहिलंत?" मी विचारलं असं का वाटतं. ती खोपीच्या प्रकरणाचं पान उघडून म्हणाली, "कुठल्याच मुलाला हे सुचणार नाही." साठ वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीला मी दिलेलं उत्तर एवढ्याशा पोरीने एका वाक्यात खोडून टाकलं. मी म्हणालो, नाही लिहिलं. म्हणताना आवाज मोठा झाला असावा, कारण सून आतून बघायला आली.

मुक्तानेच प्रकाशकांचा नंबर शोधला. जुने संपादक कधीच गेले, आता त्या प्रकाशकांची नात सगळं बघते. मी तिला सविस्तर पत्र लिहिलं, सही केली. तिने नवी आवृत्ती काढायचं ठरवलं आणि पहिल्या पानाचा कच्चा नमुना पाठवला. तो घेऊन मुक्ता आणि मी टोकावड्याच्या गाडीत बसलो. वहिनी तिच्या मुलाकडे, त्याच घरात आहे. पडवी आता पक्की झाली आहे, फरशी बसवली आहे. ती खुर्चीत बसून वाल सोलत होती. डोळ्यांना कमी दिसतं, पण बोटं चालतात. मी जे केलं ते तिला ठाऊकच होतं, तरी मी पहिल्यापासून सगळं बोललो, तिच्या सुनेसमोर, नातवंडांसमोर. मध्ये तिने मला एकदाही थांबवलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "येनार तुमी, हे वाटत व्हतं भावजी. पन एवढा टाइम लावाल असं नव्हतं वाटलं."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही, कारण मागितली असती तर ती तिला द्यावी लागली असती. तिची सून हातातलं काम सोडून सासूकडे बघत राहिली होती. एवढी वर्षं एकाच चुलीवर रांधून तिला यातलं काही माहीत नव्हतं. मुक्ताने पान काढलं आणि विचारलं की नाव कुठलं घालायचं, सुनंदा की द्वारका. वहिनी म्हणाली, "द्वारका घाल. सुनंदानं भाकऱ्या भाजल्या." मुक्ताने कोऱ्या जागेत ते नाव पेनाने लिहिल्यावर वहिनीने ते पान मला वाचायला लावलं. मी वाचलं : माहुलीची सातवी, लेखिका द्वारका. तिने ते पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या खेपेला मी वाचत होतो तेव्हा ती वालाकडे बघत होती.

मग तिने विचारलं, "आन तुमचं नाव?"

मी म्हणालो, माझं नको. ते काढायलाच तर आलो आहे.

"काढायचं कशाला? सगळं तुमच्याच अक्षरात गेलं की मुंबयला." ती सालं झटकत म्हणाली. "कचेरीत जल्मभर लोकांना सातबाराच्या नकला दिल्यात ना? खाली काय लिवत व्हता?"

मी तहसील कचेरीत कारकून होतो. हजारो कागदांच्या खाली ती ओळ लिहून त्यावर सही करत आलो आहे. मी ती तिला सांगितली : अस्सलबरहुकूम खरी नक्कल.

"मंग तेच लिवा. तेवढं खरं हाय."

मुक्ताने तिथूनच प्रकाशकबाईंना फोन लावला आणि सांगितलं की शेवटच्या पानाच्या तळाला अशी एक ओळ घ्यायची आहे आणि त्याखाली आजोबांचं नाव. बाई मुंबईच्या, त्यांना ती ओळ कळेना. अर्थ काय म्हणून त्यांनी विचारलं. मुक्ता माझ्याकडे बघायला लागली, मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात वहिनीने हात पुढे करून फोन घेतला, तोंडाजवळ नेला आणि लांब शेतावरच्या माणसाशी बोलावं तशा मोठ्या आवाजात सांगितलं, "म्हंजे अस्सल मी. आन ही नक्कल ह्यांची."